लतिकाबाईंचं खोडरबर

लतिकाबाई गायधनींना रस्त्यानं धड चालता येत नाही. गुडघे ठणठणीत आहेत, चष्म्याचा नंबरही फार नाही. अडचण पाट्यांची आहे. नाशिक रोडला जेल रोडवरून निघून स्टेशनपर्यंत पोचायचं म्हणजे वाटेत पाट्याच पाट्या, आणि त्यांतल्या बऱ्याच पाट्यांवर कुणाचा काना लंगडत असतो, तर कुणाची वेलांटी घसरून शेजारच्या अक्षराच्या मांडीवर बसलेली असते. बाई थांबतात, जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतात आणि मग पुढे जातात. एकदा भाजीवाल्या सुलाबाईंच्या पाटीवरची 'गवार' त्यांना बघवेना. त्यांनी खडू मागून घेतला, पाटी पुसली आणि अशी काही 'गवार' लिहून दिली की नुसती वाचून भूक लागावी. सुलाबाई म्हणाल्या, "झकास झालं ताई. पण गवार सकाळीच संपली. आता ज्याला दिसंल तो थांबून मागंल, त्याला काय देऊ?"

हे अक्षर बाईंनी एका सरकारी खात्यात उभी नोकरी करताना जपलं. फायली आधी टाइप व्हायच्या, पुढे संगणकावर व्हायला लागल्या, पण कुणी निवृत्त झालं की मानपत्र मात्र लतिकाबाईंच्या हातचंच. ज्या साहेबांनी जन्मात कुणाला चहा विचारला नाही, त्यांचा दिलदारपणा बाईंनी इतक्या घोटीव अक्षरांत लिहिला की साहेबांच्या बायकोलाही तो क्षणभर खरा वाटला. शेवटी बाई स्वतः निवृत्त झाल्या तेव्हा पंचाईत आली. यांचं मानपत्र लिहिणार कोण? बाईंनीच लिहिलं. मजकूर इतरांनी सांगितला एवढंच. त्यातल्या 'विनयशील'ची वेलांटी त्यांनी खोडून पुन्हा काढली, कारण पहिली त्यांच्या योग्यतेची आली नव्हती.

आता त्या मंजिरी सोसायटीतल्या आपल्या हॉलमध्ये संध्याकाळी लहान मुलांचा अक्षरवर्ग घेतात. मुलं बहुतेक इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलतात फर्डं, पण लिहायला बसली की अक्षर लिहीत नाहीत, अक्षराचं चित्र काढतात. सुरुवात कुठून करायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. बाई त्यांना आधी ताटात रवा पसरून बोटानं गिरवायला लावतात. मग कणकेच्या वळ्या करून त्यांचे 'ळ' आणि 'ठ' घडवायला लावतात. त्यानंतर पाटी, आणि पाटीवर हात बसला की दुरेघी वही. वर्ग सुटल्यावर ती कणकेची अक्षरं त्यांचे यजमान बाळाजीराव तव्यावर भाजून खातात. "आज 'क्ष' होता वाटतं," असं ते म्हणतात, "मध्ये कच्चा राहिला."

वर्गाचा नियम एकच. मुलाचा हात धरून लिहायचं नाही. घाईतल्या आयांना बाई बजावून सांगत, "हात धरून लिहिलंत की अक्षर तुमचं होतं. हात मात्र त्याचा दुखतो."

हा नियम मोडला तो बाईंनीच. म्हणजे हात त्यांनी धरला नाही. त्यांनी केलं ते त्याहून वाईट होतं.

वर्गात इरा नावाची दुसरीतली मुलगी होती. वरच्या मजल्यावरच्या संपदाची लेक. संपदा बँकेत नोकरीला, सकाळी लिफ्टमध्ये केस विंचरणारी. तिनं इराला आणून सोडलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "काकू, हिचं काहीतरी करा. हिचं अक्षर हिला स्वतःलाही वाचता येत नाही." ते खोटं होतं. इराला ते वाचता यायचं, बाकी कुणाला यायचं नाही. तिचा 'ळ' म्हणजे टेबलावर उताणा टाकलेला चष्मा. 'क'चं पोट सुटलेलं. 'ह'ची शेपटी खालच्या ओळीत उतरायची, तिथल्या अक्षराभोवती एक वेढा घालायची आणि मगच थांबायची. शिरोरेषा ती शेवटी द्यायची, तीही ओलं अंथरूण टाकलेल्या दोरीसारखी, मध्ये झोळ पडलेली. पण लिहायची मात्र हौसेनं. शब्द पूर्ण झाला की वही लांब धरून बघायची आणि खूश व्हायची. "आजी, हा 'ह' बघ, खारीसारखा आलाय," असं सांगायची. बाई म्हणायच्या, खारीला जरा वर घे. इरा म्हणायची, उद्या घेते. उद्या खार आणखी खाली असायची.

फेब्रुवारीत मराठी भाषा दिनासाठी सोसायटीनं लहान मुलांची हस्ताक्षर स्पर्धा ठेवली. चेअरमन सावळीराम आव्हाड एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. यंत्रांच्या घरघरीवर आवाज चढवायची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही बी विंगला ऐकू जातं. परीक्षक म्हणून त्यांनी देवळ्याहून आपल्या मेहुणीबाईंना बोलावलं, त्या तिकडे मुख्याध्यापिका होत्या. मुलांनी 'माझा आवडता प्राणी' यावर पेन्सिलीनं आपल्या मनानं पाच-सहा ओळी लिहायच्या, लतिकाबाईंच्या हॉलमध्ये, त्यांच्या देखरेखीखाली. कागद बाईंनी जमा करून दुसऱ्या दिवशी द्यायचे. एवढी साधी योजना.

स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर बाई कागद नीट लावायला बसल्या. सगळ्यात वर इराचा कागद. तिनं कासवावर लिहिलं होतं. 'कासव हळू चालतं पण त्याला घर असतं म्हणून त्याला घाई नसते.' पुढेही असंच काहीबाही. बाई वाचून हसल्या. मग त्यांचं लक्ष पहिल्या 'क'कडे गेलं. तो कासवापेक्षाही गोल होता.

त्या वेळी त्यांच्या मनात नेमकं काय होतं हे पुढे त्यांनी स्वतःला अनेकदा विचारलं, आणि प्रत्येक वेळी उत्तर आधीच्यापेक्षा वाईट आलं. पहिल्यांदा वाटलं, आपण पोरीच्या मायेनं केलं. मग वाटलं, हाताच्या सवयीनं केलं. खरं उत्तर असं होतं, की देवळ्याच्या मुख्याध्यापिकाबाई हा कागद बघतील आणि विचारतील, ही कुणाच्या वर्गातली?

त्यांनी खोडरबर घेतलं आणि तो एक 'क' पुसून नीट काढला. फक्त एकच. पण घरातल्या एका भिंतीला रंग दिला की बाकीच्या भिंती एकदम कळकट दिसायला लागतात, तसं झालं. नव्या 'क'शेजारचा 'स' गावंढळ दिसायला लागला. तो सुधारला तर 'व' उघडा पडला. पहिली ओळ चकचकीत झाल्यावर दुसरी ओळ त्याच कागदावर राहणं बरं दिसेना. 'ह'ची शेपटी बाईंनी कापली, 'ळ'चे दोन्ही डोळे सारखे केले, शिरोरेषेची दोरी ताणून बांधली. मजकुरात एक अक्षर बदललं नाही, याचं त्यांना तेव्हा समाधानही वाटलं. भानावर आल्या तेव्हा मांडीवर रबराचा भुसा पडला होता आणि कागदावर इराचं म्हणून कोपऱ्यातलं नाव तेवढं उरलं होतं. नावाला हात लावायचं मात्र धाडस झालं नाही.

बाळाजीराव पाणी प्यायला उठले आणि जाता जाता कागदाकडे बघून थबकले. हा माणूस नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये होता. छापलेले कागद उजेडात धरून त्यांत काही वेगळं दिसतंय का ते बघण्यात त्याची हयात गेलेली. त्यांनी कागद उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"नाव एकीनं लिहिलंय आणि कासव दुसरीनं," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, सरावानं येतं. बाळाजीरावांनी कागद खाली ठेवला आणि पाणी प्यायला गेले. त्यांनी आणखी काही म्हटलं असतं तर बाईंना भांडता आलं असतं, आणि भांडता भांडता कदाचित खरं बोलताही आलं असतं. पण तेवढ्यात बेल वाजली, सावळीरामभाऊ दारात उभे होते आणि मेहुणीबाई खाली गाडीत खोळंबल्या होत्या. कागद गेले.

इराचा पहिला नंबर आला. सी विंगच्या शौनकचा दुसरा. हा शौनक लिहिताना जीभ बाहेर काढून, तिच्यावर भार टाकून लिहिणारा. त्यानं खरोखर छान लिहिलं होतं आणि पूर्ण स्वतःच्या जिभेवर लिहिलं होतं.

संध्याकाळी सगळे कागद पार्किंगमधल्या बोर्डावर टाचले. मुलं आपापले कागद शोधायला धावली. इरा बोर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. बाई बघत होत्या. पोरगी स्वतःच्या कागदासमोरून दोनदा गेली आणि थांबली नाही.

"आजी, माझा नाही लावला," ती म्हणाली.

संपदानं तिला धरून कागदासमोर उभं केलं, हा बघ, वेडाबाई, पहिला नंबर, आणि मोबाइल काढून फोटो घेतला. इरानं कोपऱ्यातलं नाव वाचलं. मग वरचं कासव वाचलं. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, तळव्याकडून आणि मागूनही. बक्षीस म्हणून मिळालेला जाडजूड शब्दकोश तिला उचलेना, तो संपदानंच घरी नेला.

प्रकरण इथे संपलं असतं तर बाईंनी ते मनात कुठेतरी घडी घालून ठेवलंही असतं. पण मंजिरीत एक जुनी पद्धत आहे. ज्याचा पहिला नंबर, त्यानं आठवडाभर फाटकाजवळच्या फळ्यावर रोज सकाळी एक चांगली ओळ लिहायची. सावळीरामभाऊंनी ते जाहीर केलं आणि बी विंगनं टाळ्या वाजवल्या. बाईंनी लगेच हिशेब केला. फळ्यावर इराचा 'ह' उतरला की सगळ्यांना कळणार.

माणूस चूक निस्तरायला जातो तेव्हा बहुधा तीच चूक मोठ्या मापात करतो. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याच्याही आधी बाई शाल गुंडाळून खाली उतरल्या आणि फळ्यावर खडूच्या टोकानं बारीक बारीक ठिपके देऊन आल्या. वॉचमनला वाटलं, रांगोळीचा प्रकार असेल. शाळेची बस यायच्या आधी इरानं ठिपक्यांवरून खडू फिरवला. ओळ देखणी उठली. येणारेजाणारे म्हणाले, वा. इरा खडू परत देऊन मुकाट बसमध्ये चढली. रोज हेच. एकदा पाऊल घसरून बाई पायरीवर आपटल्या, तरी लंगडत जाऊन ठिपके दिलेच. हा कष्टाळूपणा चांगल्या कामाला लागला असता तर त्यांचं नाव झालं असतं.

आणि मग वर्गात ते झालं. बाईंनी मुलांना 'हरण' लिहायला सांगितलं होतं. सगळे लिहीत होते. इरा मात्र पेन्सिल आडवी ठेवून बसली होती. बाईंनी विचारलं तेव्हा तिनं वही त्यांच्याकडे सरकवली.

"आजी, तूच काढ. माझं वाईट येतं."

ती रुसून म्हणाली नव्हती. बाहेर ऊन आहे असं सांगावं तसं म्हणाली. बाईंनी तिला नाना तऱ्हेनं समजावलं, तुझ्या खारीचं काय झालं म्हणून विचारलं. इरा म्हणाली, ती खार चुकीची होती. मग पेन्सिल उचलून तिनं विचारलं, निदान ठिपके तरी देशील का?

त्या संध्याकाळी संपदा मुद्दाम आभार मानायला आली. सोबत घरच्या द्राक्षांची पिशवी. "काकू, जादू केलीत. आता घरीसुद्धा ठिपके दिल्याशिवाय लिहीतच नाही. इतकी शिस्त लागलीय." बाईंनी द्राक्षं घेतली. नंतर ती कुणीच खाल्ली नाहीत. बाळाजीरावांनी एक तोंडात टाकलं, बाईंकडे बघितलं आणि पिशवी फ्रीजच्या मागच्या बाजूला सरकवली.

सकाळी उठून बाई तडक सावळीरामभाऊंकडे गेल्या आणि सगळं सांगून टाकलं. पहिला नंबर शौनकला द्या म्हणाल्या. भाऊंनी शांतपणे ऐकलं, त्यांच्या मानानं हळू आवाजात बोलले. "मॅडम, लेकरांचं हे, त्याच्यात एवढं काय मनाला लावून घ्यायचं? तुम्ही काय डाका घातला का? थोडं हात फिरवला. मी बी पोराच्या प्रयोगवहीत लय चित्रं काढली हायेत." आणि त्यांनी चहा मागवला. बाईंना शिक्षा हवी होती, मिळाला चहा, तोही आलं घातलेला.

तिथून त्या शौनककडे गेल्या. पहिलं बक्षीस खरं तर तुझं आहे असं त्याला सांगितलं. शौनकनं पहिलं बक्षीस काय होतं ते विचारलं. शब्दकोश म्हटल्यावर तो घाबरला. दुसऱ्या बक्षिसात त्याला स्केचपेनांचा मोठा डबा मिळाला होता, तो त्यानं पाठीमागे लपवला. "मला दुसराच नंबर पाहिजे," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

सगळं गाव माफ करत सुटलं होतं. बाई घरी येऊन सोफ्यावर टेकल्या आणि बाळाजीरावांना म्हणाल्या, सगळ्यांना सांगून आले, कुणाला काही वाटतच नाही. बाळाजीराव पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

"इराला सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. भाऊंना सांगणं सोपं होतं. सात वर्षांच्या मुलीसमोर बसून, तुझा कागद मी खोडला, असं म्हणायला बाईंची जीभ उचलत नव्हती. जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांचे सद्गुण लिहून दिले, त्यांना स्वतःचा एक दुर्गुण तोंडानं सांगता येईना. मग त्यांनी त्यांना येत होतं ते केलं.

दुसरा दिवस फळ्याच्या आठवड्यातला शेवटचा होता. बाई पहाटे खाली उतरल्या आणि ठिपके दिलेच नाहीत. फळाभर सरळ लिहिलं:

'इराच्या कागदावरची अक्षरं मी खोडली आणि माझी काढली. तिची अक्षरं तिची होती. मी चुकले. — लतिका गायधनी.'

लिहून बाजूला उभ्या राहिल्या. चुकीची कबुली होती, तरी एकही काना वाकडा गेला नव्हता. इतक्या वर्षांचं वळण ते, असं कसं सोडेल. लोक फिरायला निघाले, दूध घ्यायला निघाले. जो येई तो फळ्यापाशी थांबे. बाई मान खाली घालून वाट बघत. आणि प्रत्येक जण म्हणे, काय वळण आहे हो, छापल्यासारखं. एका आजोबांनी शिरोरेषेची तारीफ केली. सावळीरामभाऊंनी फळ्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'आपल्या मॅडमचं मोत्यासारखं अक्षर.' भराभर हात जोडलेली चित्रं आली, अंगठे आले, फुलं आली. मजकूर कुणी वाचलाच नव्हता. बाईंच्या अक्षरानं बाईंचा कबुलीजबाब झाकून टाकला होता.

शेवटी दप्तर ओढत इरा आली, मागून संपदा. इरानं ठिपके शोधले. ते नव्हते. मग तिनं फळ्यावर बोट ठेवलं. तिला एका नजरेत वाचता येत नाही. एकेक अक्षर बोटाखाली धरून, जोडाक्षराला अडखळून, मोठ्यानं वाचावं लागतं.

"इ-रा-च्या... का-ग-दा-व-र-ची..."

ती वाचत गेली तसे आजूबाजूचे तिच्या बोटामागून मजकूर वाचत गेले. भाऊंनी फोन खिशात ठेवला. 'खोडली'पाशी तिचं बोट थांबलं. तिनं मागे जाऊन तो शब्द पुन्हा वाचला. मग पुढचं, नावापर्यंत सगळं. संपदाचा चेहरा लाल झाला होता; ती काही बोलणार होती, पण इराच आधी वळली.

"म्हणजे ते माझ्या हातानं आलं नव्हतं?"

"नाही गं. माझ्या हातानं."

"मला वाटलं, मीच काढलं आणि विसरले." तिनं बोट पुन्हा 'खोडली'वर नेलं आणि विचारलं, "मग माझं का खोडलंस? वाईट होतं?"

सगळी सोसायटी उभी होती. बाई गुडघ्यांवर हात टेकून तिच्या उंचीला आल्या.

"वाईट नव्हतं. लोकांनी मला चांगलं म्हणावं म्हणून खोडलं."

इरानं यावर विचार केला. माफ केलं असंही म्हणाली नाही, राग आला असंही नाही. "त्यातला एक 'ह' लय भारी आला होता," एवढंच म्हणाली, सावळीरामभाऊंसारखं 'लय' म्हणून. बस आली. ती चढली आणि खिडकीतून तिनं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी ती वर्गाला येईल असं बाईंना वाटत नव्हतं. संपदानं दुपारी फोनवर चार शब्द सुनावले होते, आणि ते बाईंनी 'हो' म्हणत ऐकले होते. त्या दिवसभरात त्यांना बरं वाटलं ते तेवढंच. पण इरा आली. सगळ्यांच्या शेवटी आली, आणि नेहमीची जागा सोडून हॉलच्या त्या टोकाला, खिडकीखाली बसली. वही उघडली. डाव्या हाताचा तळवा आडवा धरून तिनं पानाला आडोसा केला, शेजारच्यानं बघू नये म्हणून परीक्षेत करतात तसा. फक्त शेजारी कुणी नव्हतं. आडोसा बाईंसाठी होता.

बाई उठून तिच्याकडे निघाल्या.

"आजी, तू तिकडेच बस," इरा वर न बघता म्हणाली. "मी सांगेपर्यंत बघायचं नाही."

बाई जागच्या जागी बसल्या, आणि बसल्या त्या भिंतीकडे तोंड करून. बाळाजीरावांनी आतून खुणेनं चहाचं विचारलं, त्यांना त्यांनी हातानंच थोपवलं. मागे पेन्सिल कागदावर चालत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा चालत होती. थोड्या वेळानं बाईंनी भिंतीलाच विचारलं, "झालं का गं?"

"नाही," इरा म्हणाली.